निळ्या काठाचा वाडगा

दिवा इथेच जमिनीवर राहू द्या. फळीवर नको, फळीवर जागा नाही. आपल्या या घरयान गावात वीज गेली की दोन तासांनी येते, तोवर माझं सांगून होईल.

त्या संध्याकाळी मी दूध, पुदिना आणि ड्रेसिंगचं गॉज आणायला खाली उतरले होते. एवढंच काम. ट्युनिशियातल्या स्फाक्समध्ये रमजानचा पहिला आठवडा चालू होता. उपास सुटायला थोडा वेळ उरला की त्या शहराचे रस्ते बघता बघता रिकामे होतात. दुकानदार शटर अर्धं ओढून उभा असतो, शेवटची टॅक्सी जोरात वळते, आणि मग काहीच नाही. तेलाच्या घाण्यांचा जड, कडवट वास तेवढा गल्लीत साचून राहतो. मी परत निघाले तेव्हा रस्त्यावर मी एकटी होते. अजान झाली आणि दोन्ही बाजूंच्या बंद खिडक्यांमागून चमच्यांचा आवाज सुरू झाला. शेकडो घरं, शेकडो चमचे. परक्या गावात एकटं असणं म्हणजे काय ते मला त्या आवाजाने शिकवलं.

इथून सीमा ओलांडून आम्ही तिथे गेलो ते मिलादच्या ऑपरेशनसाठी. मिलाद माझा नवरा, इथल्या शाळेत भूगोल शिकवतो. त्याचं जठर पूर्ण काढलं आणि आतडं वर अन्ननलिकेला जोडलं. दहा दिवसांनी दवाखान्याने त्याला सोडलं, पण एवढ्यात गावी जायची परवानगी नव्हती. म्हणून मागच्याच गल्लीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. त्या इमारतीत सगळे आमच्यासारखेच यायचे. एक आजारी, एक सोबतीचा. तिथे कुणी नाव विचारत नाही, अवयव विचारतात.

दर दोन तासांनी चार चमचे पातळ काहीतरी, दिवसातून आठ वेळा. गोड बिलकुल नाही. एक साखरेचा घोट गेला तरी त्याला दरदरून घाम फुटायचा आणि काळीज धडधडायचं. पोटावर टाक्यांची लांब रेघ होती. खोकला आला की टाके ताणू नयेत म्हणून एक छोटी उशी पोटाशी घट्ट धरायची, असं नर्सने शिकवलं होतं. ती उशी त्याच्या हातातून सुटायचीच नाही. तरी तो विनोद करायचा. म्हणायचा, "पोट नेलं आणि भूक ठेवून गेले बघ, सुंदुस. घरमालक गेला, भाडेकरू राहिला."

मिलादला वाटत होतं, त्याला अल्सर झाला होता.

आमच्याकडे त्या आजाराचं नाव घेत नाहीत. 'तो आजार' म्हणतात, तेही आवाज खाली आणून. आणि ज्याला झालाय त्याला तर मुळीच सांगत नाहीत. मिलादचा थोरला भाऊ फरज, मानाने सगळे सी फरज म्हणतात, तो पहिल्याच दिवशी डॉक्टरांना हाताला धरून बाहेर घेऊन गेला होता. परत आला तो हसत, अल्सर हा शब्द घेऊन. मग ऑपरेशन झाल्यावर तो गावी परतला आणि तो शब्द मला सांभाळायला ठेवून गेला.

मी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. सहा वर्षं ग्लासगोला विहिरींचं आणि पाण्याचं शास्त्र शिकले. माझ्याबरोबरचं कुणी परत आलं नाही, मी आले. मला वाटायचं, हा देश बंदुकांनी नाही, तीन शब्दांनी पोखरला आहे. सगळं ठीक आहे. विहिरीत क्षार वाढलेत? सगळं ठीक आहे. पोरं समुद्रात बुडून मेली? सगळं ठीक आहे. हे तीन शब्द माझ्या तोंडून कधी निघणार नाहीत असं मी ठरवलं होतं. सासूबाई म्हणायच्या, पोरीने डिग्री आणली ती आणली, जिभेला धार पण लावून आणली.

आणि त्या जिभेने मी रोज आठ वेळा अल्सर म्हणत होते.

तर दूध आणि पुदिना घेऊन मी जिना चढत होते. त्या जिन्यातला दिवा बटण दाबलं की मिनिटभर जळतो आणि आपोआप विझतो. तिसऱ्या मजल्यावर पोहोचले तर आमच्या समोरच्या दाराबाहेर, प्लास्टिकच्या पांढऱ्या खुर्चीत, एक म्हातारे गृहस्थ बसलेले. अंगात दवाखान्याचा झगा, वरून आपल्याकडे पांघरतात तसा तपकिरी लोकरी जर्द, मनगटावर दवाखान्याची पट्टी. पोटाशी एक छोटी उशी घट्ट धरलेली.

"पोरी," ते म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाले?"

बोली आपल्या दक्षिणेची होती, वाळवंटाकडची. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. मी म्हटलं, हाजी, मी नर्स नाही, समोर राहते. त्यांनी मान हलवली. मुलं गाडी आणायला गेलीत म्हणाले, आज मुर्झुकला घरी जायचंय. साधा अल्सर होता, निघाला एकदाचा.

मला सगळं कळलं. आणखी एक.

दिवा विझला. अंधारात त्यांचा श्वास ऐकू येत नव्हता. मला वाटलं, हळू घेत असतील, टाके दुखत असतील. मी बटण दाबलं आणि म्हटलं, थांबा, शोरबा आणते. उपास सुटायच्या वेळी शेजारी कुणी दारात बसलेला असताना आपण एकटं जेवायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. घरून आणलेला एकच चांगला वाडगा माझ्याकडे होता, इथल्याच कुंभाराकडचा, निळ्या काठाचा. तो भरून दिला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

सकाळी वाडगा माझ्या उंबऱ्यावर होता, स्वच्छ धुतलेला. आत तीन खजूर, बारीक, काळे, कोरडे, दक्षिणेत होतात तसले. भांडं रिकामं परत करायचं नाही ही आपली रीत म्हाताऱ्याने परमुलखातही पाळली, म्हणून मला भरून आलं. मिलादला गोड चालत नव्हतं. त्या संध्याकाळी त्याच खजुरांवर मी माझा उपास सोडला, एकटीने, ओट्याशी उभी राहून.

पाच दिवस असं चाललं. अजानच्या सुमाराला मी वाडगा घेऊन बाहेर यायची, ते खुर्चीत असायचे, तेच विचारायचे. मी म्हणायची, मला नाही माहीत हो हाजी. ते म्हणायचे, असू दे, मुलं येतीलच. दिवा विझायचा. सकाळी तीन खजूर. बिया मी खिडकीत एका बशीत ठेवत होते, कशासाठी कोण जाणे. पंधरा झाल्या होत्या.

सहाव्या संध्याकाळी मी शोरबा घेऊन बाहेर आले तर खुर्ची नव्हती. जिन्यावरून मन्नूबिया वर येत होती. इमारतीची झाडलोट आणि किल्ल्या तिच्याकडे. सगळे तिला 'खालती' म्हणत, तिकडच्या बोलीत मावशी. जीभ अशी की भाडेकरू तिच्यापुढे चपला वाजवत नसत. वाडगा बघून ती म्हणाली, "हे कुणाला? मला? एवढं नशीब कुठलं माझं."

मी म्हटलं, समोरच्या हाजींना.

ती पायरीवर बसली. गुडघे दुखतात म्हणून बसली असं मला वाटलं. मग तिने हळू आवाजात सांगितलं, मधे मधे थांबत. समोरचं घर गेल्या रमजानपासून बंद आहे. हाजी मसऊद तिथेच गेला, शेवटच्या आठवड्यात, अजानच्या वेळी. मुलं खरोखरच गाडी आणायला गेली होती. येऊन बघतात तर खुर्चीतच... मुर्झुकला नेऊन पुरलं.

"त्याला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, पोरी," ती म्हणाली. "मग मेल्यावर तरी कोण सांगणार?"

तिने वाडगा माझ्या हातातून घेतला आणि बंद दारापाशी जमिनीवर ठेवला, रोजचं काम असल्यासारखा. म्हणाली, मलाही विचारतो. मी सांगते, सगळं ठीक आहे, हाजी. मग खुर्ची उचलतो आणि आत जातो. दार न उघडता.

"आणि खरं सांगितलं तर...?" मी विचारलं.

मन्नूबियाने माझ्याकडे बघितलं. आता तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "खरं सांगशील तर तो तुझ्या उपकाराच्या ओझ्याखाली येईल. वाळवंटातला माणूस आहे तो. शोरब्याला खजूर देतो. खऱ्याला काय देईल, मला नाही माहीत. आणि मला बघायचंही नाही."

मी आत आले, दाराला कडी लावली. बशीत बघितलं. पंधरा बिया तशाच होत्या, खऱ्या, टणक. त्यांची चव अजून माझ्या जिभेवर होती.

मिलादला मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीला पाठवलेल्या तुकड्यांचा अहवाल आला. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात उभं केलं. काढलेल्या गाठींपैकी चार खराब निघाल्या. महिन्याभरात शिरेतून औषध सुरू करायला हवं, सहा महिने. नाहीतर हे ऑपरेशन केलं न केलं सारखंच. मी विचारलं, मिलादला तुम्ही सांगाल? त्यांनी हात पसरले. घरच्यांनी नको म्हटलंय, बाई. तुम्ही आपसात ठरवा.

मी सी फरजला फोन लावला. मिलाद ते औषध घेणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. अल्सर निघाला, आता दवाखाना नको, ईदला घरी जायचं, शाळेत परीक्षा आहेत, असं तो आठवडाभर म्हणत होता. सी फरज म्हणाला, आपण त्याला ताकदीची इंजेक्शनं म्हणून सांगू. मी म्हटलं, त्याचे केस गळतील, तो भूगोलाचा मास्तर आहे, गाढव नाही. मग तो म्हणाला, "अब्बांना आम्ही खरं सांगितलं होतं, सुंदुस. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. अकराव्या दिवशी आम्ही त्यांना पुरलं. तू तेव्हा घरात आलेली नव्हतीस." त्याचा आवाज फाटला होता. तो वाईट माणूस नाही. त्याने माझ्याकडून शपथ घेतली, आणि मी घेऊ दिली.

घरी आले. मिलाद खिडकीशी खुर्चीत बसला होता. उशी पोटाशी.

"डॉक्टर काय म्हणाले?" त्याने विचारलं.

तोच प्रश्न. तीच मान, किंचित वाकडी.

मी म्हणाले, "सगळं ठीक आहे."

त्याने माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग मान हलवली, उशी सावरली आणि उठून आतल्या खोलीत गेला. त्याच्या सपातांचा आवाजसुद्धा आला नाही. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. पुढच्या रमजानला इथे दुसरी कुणी बाई शोरबा घेऊन बाहेर येईल, आणि खुर्चीत कोण असेल, ते मला दिसलं.

बंद दारापाशी राहिलेला वाडगा मी उचलून आणला आणि संध्याकाळी भरला. अगदी काठोकाठ भरला. बाहेर आले. खुर्ची होती. हाजी होते.

गल्लीत अजान झाली. चमच्यांचा आवाज सुरू झाला.

"पोरी, डॉक्टर काय म्हणाले?"

मी वाडगा त्यांच्या हातात दिला. त्यांची बोटं लागली. थंड नव्हती, गरमही नव्हती. भिंतीला हात लागावा तशी. दिवा विझला. मी बटण दाबलं नाही. उजेडात मला बोलता आलं नसतं.

"हाजी," मी म्हटलं, "अल्सर नव्हता... तो आजार होता."

समोरच्या इमारतीतले चमचे थांबल्यासारखे वाटले.

"मुलांना... माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग मी..."

"हो, हाजी. गेल्या रमजानला."

अंधारात पहिल्यांदाच मला त्यांचा श्वास ऐकू आला. एकच, लांब, बाहेर सोडलेला. पुदिन्याचा आणि जुन्या लोकरीचा वास आला.

"म्हणजे गाडी येणार नाही," ते म्हणाले.

"नाही."

"मग चालतच निघायला हवं. लांब आहे." खुर्ची करकरली. आवाज आता माझ्या डोक्याच्या वर होता. ते उभे राहिले होते. "वाडगा माझ्यापाशी राहू दे, पोरी. रिकामा कसा देऊ... एवढं मोठं कुणी दिलं नव्हतं मला. तुझ्यासाठी असंच खरं काही मिळालं की घेऊन येईन."

"नको हाजी," मी म्हटलं. "काही नको..."

पण पावलं जिन्यावरून उतरायला लागली होती. एक मजला, दुसरा, तिसरा. खालचं दार उघडल्याचा आवाज आला नाही. मी बटण दाबलं तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर ती छोटी उशी होती. मधोमध खळगा पडलेली.

मी तशीच आत गेले. मिलादसमोर जमिनीवर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. आजाराचं नाव घेऊन सांगितलं. चार गाठी, सहा महिने, शपथ, अब्बा. तो ऐकत होता. तो भिंतीकडे तोंड करेल म्हणून मी त्याचे दोन्ही हात धरून ठेवले होते. शेवटी तो म्हणाला, "मला वाटलंच. अल्सर झालेल्याला भेटायला आलेली आत्या दाराबाहेर जाऊन रडत नाही." आणि मग तो रडला, उशी घट्ट धरून, टाके सांभाळत. मीही. त्या गावात आम्ही दोघं त्या संध्याकाळी पहिल्यांदा एका घरात होतो.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "आधी बाहेर कुणाशी बोलत होतीस?"

"समोरच्या हाजींशी."

"मला एकच आवाज येत होता," तो म्हणाला. "तूच विचारत होतीस. उत्तरही तूच देत होतीस."

मिलादने औषध घेतलं. सहाच्या सहा महिने. केस गेले, आले. शाळेतली पोरं त्याला नकाशातलं वाळवंट म्हणायची, तो स्वतः फळ्यावर काढून दाखवायचा. सी फरज चार महिने माझ्याशी बोलला नाही, मग एक दिवस बकरा घेऊन दारात उभा राहिला. समोरच्या दाराबाहेर पुन्हा कुणी दिसलं नाही, असं खालती मन्नूबियाने फोनवर सांगितलं. वाडगाही परत आला नाही. मी जिंकले असं मला वाटत होतं. विहिरींच्या बैठकीत मी लोकांना सांगायची, खरं बोलून कुणी मरत नाही.

दोन वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी तपासणीला आम्ही दोघं जायचो. या खेपेला खालच्या वस्तीतल्या पंपाचं काम अडलं होतं, म्हणून सी फरज त्याच्याबरोबर गेला. मंगळवारी परतले, अजानच्या जरा आधी. मिलादने हात धुतले. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले?

"सगळं ठीक आहे," तो म्हणाला, हसत. सी फरज दारात उभा होता. तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता. जेवायला थांबला नाही.

मी स्वतःला सांगितलं, दमला असेल. मिलाद मला खोटं सांगणार नाही. तेवढ्यात अजान झाली, आणि दारावर थाप पडली. एकच.

बाहेर कुणी नव्हतं. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता. उंबऱ्यावर वाडगा होता. निळ्या काठाचा, माझाच. काठावर एक टवका उडालाय, तो मी ओळखते. वर एक बशी पालथी घालून झाकलेला. उचलला तेव्हा जड लागला. आणि कोमट.

"कोण होतं?" मिलादने आतून विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं. "शेजारून आलंय. सगळं ठीक आहे."

तो आता आत झोपलाय. आवाज जरा हळूच ठेवा. हो, त्या फळीवरचा तोच. आज चौथा दिवस. झाकण मी अजून उचललेलं नाही.

हात लावून बघा हवं तर. अजून कोमट आहे.